सावत्र संघाचा हंगाम

क्लीव्हलँड स्पायडर्स या बेसबॉल संघाने १८९९ च्या हंगामात १५४ सामने खेळले आणि त्यांतले १३४ गमावले. अमेरिकेच्या वरिष्ठ व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव त्याआधी कोणाच्या वाट्याला आले नव्हते आणि आजवर आलेले नाहीत. हा संघ मुळात दुबळा नव्हता. मैदानावरचा पहिला चेंडू पडण्याआधीच मालकांनी तो रिकामा केला होता.

ओहायो राज्यातले क्लीव्हलँड हे त्या काळी वेगाने वाढणारे कारखान्यांचे शहर होते. १९०० च्या जनगणनेत त्याची वस्ती ३ लाख ८० हजारांवर गेली. इथला संघ १८८९ मध्ये नॅशनल लीगमध्ये आला. किडकिडीत, लांब हातापायांच्या खेळाडूंमुळे त्याला ‘स्पायडर्स’, म्हणजे कोळी, हे नाव पडल्याचे सांगतात. मालक फ्रँक रॉबिसन आणि त्याचा भाऊ स्टॅन्ली यांचा खरा धंदा ट्रामगाड्यांचा. १८९१ मध्ये त्यांनी लीग पार्क हे मैदान बांधले, तेही ट्रामच्या मार्गावरच. प्रेक्षक तिकीट काढणार मैदानाचे आणि भाडे भरणार ट्रामचे, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता. मैदानावरचा पहिला सामना साय यंग या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, जिंकून दिला. बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे ५११ विजय ज्याच्या नावावर आहेत, तो हाच.

पुढची काही वर्षे संघाची चांगली गेली. १८९५ मध्ये बाल्टिमोरला हरवून त्याने लीगमधल्या पहिल्या दोन संघांत होणारा टेंपल कप जिंकला. जेसी बर्केट हा फलंदाज १८९५ आणि १८९६ असे सलग दोन हंगाम चारशेवर सरासरी राखून होता. बेसबॉलमधली ही सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. हजार संधींत किती अचूक फटके बसले, एवढेच ती सांगते, आणि तिथे तीनशेलाही लोक मान डोलावतात. पॅट्सी टेबो या कर्णधार-व्यवस्थापकाच्या हाताखाली हा संघ भांडखोर म्हणून बदनाम होता, पण जिंकत होता. १८९८ मध्येही ८१ विजय मिळवून तो बारा संघांत पाचवा आला.

अडचण मैदानावर नव्हती, तिकीटखिडकीवर होती. कामगारांना मोकळा दिवस मिळे तो रविवारचा, आणि रविवारी खेळ भरवायला क्लीव्हलँडमध्ये बंदी होती. मे १८९७ मध्ये रॉबिसनने बंदी झुगारून रविवारचा सामना लावला. एक डाव होतो न होतो तोच पोलिसांनी खेळाडूंना पकडले. गर्दी आटत गेली. १८९८ च्या उत्तरार्धात तर क्लीव्हलँडचे बहुतेक ‘घरचे’ सामने दुसऱ्याच गावांत झाले. त्याउलट मिसूरी राज्यातले सेंट लुइस हे शहर दीडपट मोठे, आणि तिथे रविवारच्या सामन्यांना मोकळीक होती. तिथला संघ मात्र १८९८ मध्ये १११ सामने हरून तळाला गेला होता. त्याच वर्षी त्याच्या मैदानाला आग लागली, आणि मालक क्रिस ‘फॉन डर आहे’ हा कर्जात बुडाला. संघ लिलावात निघाला, आणि तो रॉबिसन बंधूंच्या हाती आला.

एका मालकाचे दोन संघ एकाच लीगमध्ये असावेत, याला तेव्हा नियमाची आडकाठी नव्हती. बाल्टिमोर आणि ब्रुकलिन या संघांची मालकीही त्या सुमारास अशीच एकमेकांत गुंतलेली होती. खेळाडूंनाही बोलायला जागा नव्हती. करारातल्या राखीव कलमामुळे संघाने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, आणि मालक मात्र त्याला हवे तिकडे हलवू शकत. रॉबिसननी तेच केले. यंग, बर्केट, शॉर्टस्टॉप या जागेवर खेळणारा बॉबी वॉलेस, टेबो असे सगळे मातब्बर सेंट लुइसला गेले, आणि सेंट लुइसच्या तळाला गेलेल्या संघातले उरलेसुरले क्लीव्हलँडला आले. सेंट लुइसच्या संघाचे नवे नाव ठेवले ‘परफेक्टोज’. सख्ख्या आणि सावत्र लेकरांतला फरक नावापासूनच दिसावा, असेच ते नाव होते.

१५ एप्रिल १८९९ रोजी हंगामाचा पहिलाच सामना या दोन भावंडांत झाला. सेंट लुइसकडून चेंडू टाकायला यंग उभा राहिला आणि क्लीव्हलँड १०–१ असे हरले. घरच्या प्रेक्षकांनी काय ते ओळखले. लीग पार्कवरच्या पहिल्या सामन्यांना पाचशे माणसेही जमली नाहीत. व्यवस्थापक आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू लेव्ह क्रॉस याने पहिल्या ३८ सामन्यांत ८ विजय मिळवले. पुढच्या घसरणीकडे पाहता हा त्या वर्षातला सुगीचा काळ म्हणायचा. जूनमध्ये क्रॉसलाही सेंट लुइसला बोलावून घेतले. विली सडहॉफ हा बरा पिचर होता, त्याचीही तीच गत झाली. क्लीव्हलँडमध्ये ज्याचा हात चालू लागे, त्याची रवानगी ठरलेली असे. संघाची धुरा आली जो क्विनकडे. तो ऑस्ट्रेलियात जन्मलेला. वरिष्ठ लीगमध्ये पोहोचलेला त्या देशातला पहिलाच खेळाडू. त्याच्या कारकिर्दीत संघाने १२ सामने जिंकले आणि १०४ गमावले.

त्या काळी तिकिटांच्या उत्पन्नात पाहुण्या संघाचा वाटा असे. क्लीव्हलँडमधल्या वाट्यातून रेल्वेचे भाडे आणि हॉटेलचे बिलही सुटेना, तेव्हा इतर संघांनी तिथे यायलाच नकार दिला. मग स्पायडर्सनेच गावोगाव फिरायचे ठरले. जुलैपासूनच्या ९३ सामन्यांपैकी ८५ त्यांनी परक्या मैदानांवर खेळले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘निर्वासित’, ‘भटके’ अशी नावे ठेवली. सबंध हंगामात घरी झालेले सामने ४२ आणि त्यांना आलेले प्रेक्षक ६,०८८, म्हणजे सामन्यामागे जेमतेम १४५. एखाद्या तालुक्याच्या गावी कुस्तीच्या फडाला याहून जास्त माणसे जमतात.

ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संघ सलग २४ सामने हरला. हा विक्रम अजून मोडलेला नाही. सलग दोन विजय त्याला सबंध वर्षात एकदाच लाभले. शेवटच्या ४१ सामन्यांपैकी ४० पराभव. जिम ह्युई या पिचरच्या खात्यावर ४ विजय आणि ३० पराभव पडले. त्याच्यानंतर एका हंगामात तीस सामने हरलेला पिचर वरिष्ठ बेसबॉलमध्ये झालेला नाही. ह्युईचा दोष फारसा नव्हता. त्याच्या मागे चेंडू अडवणारे नव्हते आणि पुढे धावा काढणारे नव्हते: संघाने केलेल्या धावा ५२९, दिलेल्या १,२५२.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत शेवटच्या दिवशी दोन सामने होते. दुसऱ्या सामन्यात चेंडू टाकायला उभा केला एडी कोल्ब, हॉटेलात सिगार विकणारा हौशी पोरगा. क्लीव्हलँड १९–३ असे हरले आणि कोल्ब पुन्हा वरिष्ठ बेसबॉलमध्ये दिसला नाही. अव्वल ब्रुकलिनचे विजय १०१, अकराव्या क्रमांकावरच्या वॉशिंग्टनचे ५४, आणि बाराव्या क्लीव्हलँडचे २०.

एवढे करून सेंट लुइसच्या हाती काय लागले? यंगने तिथे २६ सामने जिंकले, बर्केटने ३९६ ची सरासरी काढली, तरी संघ पाचवाच आला. म्हणजे त्याच खेळाडूंनी आदल्या वर्षी क्लीव्हलँडकडून मिळवलेल्या क्रमांकावर. १९०० पासून ‘परफेक्टोज’ जाऊन ‘कार्डिनल्स’ हे नाव रूढ झाले आणि ते टिकले. त्या हंगामाआधीच लीगने बारातले चार संघ मोडीत काढले. क्लीव्हलँड त्यांतला एक. संघाविना राहिलेल्या या शहरात बॅन जॉन्सन अध्यक्ष असलेल्या अमेरिकन लीगने आपला संघ आणला आणि १९०१ मध्ये ही लीग वरिष्ठ दर्जाची म्हणून उभी राहिली. तो संघ आज ‘गार्डियन्स’ या नावाने खेळतो. पुढे एका मालकाकडे एकाच लीगचे दोन संघ असण्यावर बंदी आली.

२०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, तेव्हा स्पायडर्सचा आकडा पुन्हा वर्तमानपत्रांत झळकला. आता हंगाम १६२ सामन्यांचा असल्याने १३४ पराभव निदान कागदावर तरी शक्य आहेत. पण स्पायडर्सच्या त्या वर्षीच्या पराभवांतले १०१ परगावचे आहेत, आणि आजच्या वेळापत्रकात कोणत्याही संघाचे परगावचे सामने ८१ च असतात.