प्रश्न क्रमांक २८९

कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लहानशा घराच्या ओट्यावर श्रीनिवास रामानुजन पाटी घेऊन बसत. कागद परवडत नसे. गणित पाटीवर होई, कोपराने पुसले जाई आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरे. गावच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती इंग्रजीतील अपयशामुळे गेलेली, पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातून दिलेल्या एफ.ए. परीक्षेतही अपयश आलेले. १९०९ साली विवाह झाला तेव्हा त्यांच्याजवळ पदवी नव्हती आणि नोकरीही नव्हती. वह्या मात्र भरत होत्या, आणि त्या वाचू शकेल असा माणूस आसपास जवळजवळ नव्हताच.

यापुढची हार्डी आणि केंब्रिजची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या आधीचे एक प्रकरण मात्र बहुधा दोन ओळींत उरकले जाते. रामानुजन यांनी आपले पहिले प्रश्न हिंदुस्थानातच, हिंदुस्थानी वाचकांपुढे मांडले होते. ते ज्या ठिकाणी मांडले, ते ठिकाण काही थोड्या हौशी माणसांनी वर्गणी काढून उभे केले होते.

त्यांतील प्रमुख व्ही. रामस्वामी अय्यर. हे गृहस्थ व्यवसायाने गणिती नव्हते. मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात ते डेप्युटी कलेक्टर होते. विद्यार्थिदशेतच ते लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’ या मासिकाला गणिती प्रश्न व उत्तरे पाठवू लागले होते. १८४७ साली निघालेल्या त्या मासिकाच्या प्रश्नोत्तरांच्या पानांवर सिल्व्हेस्टर आणि केली यांच्यासारखे गणिती शाळामास्तरांच्या शेजारी लिहीत. पुढे तरुण हार्डी यांचेही लेखन त्याच पानांवर आले. रामस्वामी अय्यरांचा पत्ता महाविद्यालयाचा असल्यामुळे संपादकांनी त्यांना प्राध्यापकच समजून तसे संबोधले, आणि ‘प्रोफेसर’ हे टोपणनाव या महसुली अधिकाऱ्याला जन्मभर चिकटले. नाव आणि प्रश्न एवढ्याच भांडवलावर तिथे प्रवेश मिळे. तशीच सोय आपल्या देशात हवी, असे त्यांना वाटत असावे.

२५ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी परिचितांना पत्र लिहिले. परदेशी गणिती नियतकालिके आणि पुस्तके एकेकट्याला विकत घेणे शक्य नाही. तेव्हा काही जणांनी मिळून वर्गणी काढावी, ती मागवावी आणि सभासदांमध्ये फिरवावीत, अशी ती साधी योजना होती. ४ एप्रिल १९०७ रोजी वीस सभासदांनिशी ‘अॅनालिटिक क्लब’ स्थापन झाला. अय्यर त्या वेळी गुत्तीला होते. मुरारराव घोरपड्यांच्या किल्ल्यामुळे हे गाव मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. संस्थेचे मुख्यालय आणि ग्रंथालय मात्र गुत्तीला किंवा मद्रासला नव्हते. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, आणि तिथे त्या काळी रँग्लर र. पु. परांजपे प्राचार्य होते. नियतकालिकांचे अंक पुण्यास येत आणि तिथून टपालाने गावोगावच्या सभासदांकडे फिरत. याच संस्थेला १९१० पासून ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ हे नाव मिळाले. १९१२ ते १९१५ या काळात आर. एन. आपटे तिचे अध्यक्ष होते.

फेब्रुवारी १९०९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिक दर दोन महिन्यांनी निघू लागले. संपादक होते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधील एम. टी. नारायण अय्यंगार, ते काम त्यांनी १९२७ पर्यंत सांभाळले. नियतकालिकात लेख येत, टिपणे येत. पण त्याचा जिवंत भाग म्हणजे प्रश्न आणि उत्तरे. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असे आणि तो कधी बदलत नसे. रामानुजन यांचा पहिला प्रश्न १९११ साली छापला गेला, त्याचा क्रमांक २६०. शेवटचा १९१९ सालचा, क्रमांक १०७६. म्हणजे आठ वर्षांत आठशेंहून अधिक प्रश्न, अंकामागे सरासरी सतरा. हिंदुस्थानात विद्यापीठे मोजकीच होती आणि गणितातील संशोधन जवळजवळ नव्हतेच, अशा काळात हा ओघ लहान नाही. प्रश्नकर्ते आणि उत्तरे देणारे बहुतेक महाविद्यालयीन शिक्षक, काही सरकारी अधिकारी, काही हिशेबनीस. दिवसाचे काम संपल्यावर दिव्याच्या उजेडात केलेले हे गणित होते.

अशा सदराचा एक अलिखित नियम असतो : विचारणाऱ्याकडे उत्तर असले तरी ते लगेच छापायचे नाही; वाचकांना वेळ द्यायचा. कोणाचेच उत्तर न आले, तर काही महिन्यांनी विचारणाऱ्याचे छापायचे. संपादकाला हे दिसते तितके सोपे नसते. कोणता प्रश्न अतिसोपा, कोणता चुकीचा, कोणता केवळ कोणी उत्तर दिले नाही म्हणून पडून आहे आणि कोणता खरोखर अवघड, याचा निवाडा त्याला दर दोन महिन्यांनी करावा लागतो. नारायण अय्यंगारांनी तो अठरा वर्षे केला. त्यांच्या नावाचा उल्लेख आज क्वचितच होतो.

१९१० च्या सुमारास रामानुजन वह्या घेऊन रामस्वामी अय्यरांना भेटण्यास तिरुकोयिलूरला गेले. मागणी माफक होती : कचेरीत कारकुनाची जागा. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि जागा दिली नाही. महसूल खात्याच्या तळाशी या माणसाला बसवून त्याची बुद्धी घुसमटवण्याची आपली इच्छा नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले. उपाशी माणसाला हा नकार क्रूर वाटला असता. परंतु नकाराबरोबर शिफारसपत्रे होती, आणि ती संस्थेच्या सभासदांच्या नावे होती. त्यांतले पी. व्ही. शेषू अय्यर कुंभकोणमच्या महाविद्यालयात रामानुजन यांचे शिक्षक राहिलेले. रामानुजन यांचे आरंभीचे प्रश्न त्यांच्याच हस्ते नियतकालिकाकडे गेले. पहिल्या पाच प्रश्नांवर नाव ‘रामानुजम’ असे छापले आहे. मराठीत आजही अनेकदा तसेच लिहिले जाते, त्यामुळे त्या मुद्रिताला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्या आरंभीच्या प्रश्नांपैकी २८९ वा प्रश्न आज जगभरच्या गणितवर्तुळांत विद्यार्थ्यांना घातला जातो. तो असा : √(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) ही वर्गमुळांची अनंत माळ किती होते? पहिली चार मुळे घेऊन थांबले, तर सुमारे २.७५ येतात. अंक प्रसिद्ध झाला. उत्तर आले नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. सहा महिने उलटल्यावर रामानुजन यांचे स्वतःचे उत्तर छापले गेले : ३.

युक्ती सुंदर आहे. ३ म्हणजे √९, म्हणजे √(१ + २×४). त्यातला ४ म्हणजे √१६, म्हणजे √(१ + ३×५). ५ म्हणजे √(१ + ४×६). असे उलगडत गेले की प्रश्नातली माळ आपोआप तयार होते. मागे नियम एकच आहे : कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला, तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या संख्येचा गुणाकार मिळतो.

पण येथे क्षणभर थांबले पाहिजे. हीच रीत ४ पासून चालवून पाहावी. ४ म्हणजे √(१ + २×७.५). ७.५ म्हणजे √(१ + ३×१८.४१६…). पुढे ८४.५, मग १४२९… असे अखंड उलगडता येते आणि तीच माळ दिसू लागते. मग उत्तर ३ की ४? फरक उरलेल्या शेपटीत आहे. ३ च्या बाबतीत शेपूट ४, ५, ६, ७ अशी शांतपणे वाढते. ४ च्या बाबतीत ती उसळते, आणि अनंत वर्गमुळेही तिला काबूत आणू शकत नाहीत. माळ एका ठराविक संख्येकडे जाते आणि ती संख्या ३ आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. रामानुजन यांच्या छापील उत्तरात ही पायरी नाही. अशा माळा केव्हा अभिसारी असतात याचा निकष पुढे टी. विजयराघवन यांनी दिला. १९२७ साली निघालेल्या रामानुजन यांच्या संकलित निबंधांच्या परिशिष्टात त्याची नोंद आहे.

ही उणीव केवळ रामानुजन यांची म्हणता येणार नाही. ज्या ग्रंथावर ते वाढले, त्या कार यांच्या ‘सिनॉप्सिस’मध्ये हजारो सिद्धांत जवळजवळ सिद्धतेविनाच मांडलेले होते. खरी अडचण अशी की, सिद्धता अपुरी आहे हे सांगणारा वाचक त्या वर्तुळात सहजी नव्हता. बर्नुली संख्यांवरील त्यांचा पहिला दीर्घ निबंध १९११ साली छापला गेला, तोही संपादकाकडून पुनःपुन्हा परत येऊन, दुरुस्त होऊन. पद्धती इतकी संक्षिप्त आणि नवी, मांडणी इतकी अस्पष्ट की सामान्य वाचकाला ती झेपणे कठीण, असे अय्यंगारांचे मत होते. ते प्रामाणिक होते. त्यांनी समजल्याचा आव आणला नाही, आणि समजत नाही म्हणून निबंध टोपलीतही टाकला नाही. मांडणी सुधारून घेतली आणि छापला. अशा संपादकाकडून याहून अधिक काय मागावे?

म्हणून या नियतकालिकाने ‘रामानुजन यांना शोधले’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांच्या गणिताची किंमत ते ठरवू शकले नाही. ती ठरवायला हार्डी आणि लिटलवुड लागले. अविभाज्य संख्यांच्या मोजणीविषयीचे त्यांचे दावे चुकीचे आहेत, हेही त्या दोघांनीच दाखवले. परंतु वाचकांनी या माणसाला दोन वर्षे जगवले. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव संस्थेचे चिटणीस होते. त्यांनी महिना २५ रुपये देऊ केले. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये मार्च १९१२ पासून कारकुनी मिळाली, तिथले मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर संस्थेचे खजिनदार. रात्री पाटी घेऊन ते रामानुजन यांच्याबरोबर गणित करीत बसत. जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना पत्र गेले, तेव्हा पाठवणारा निव्वळ अज्ञात कारकून नव्हता. त्याच्या नावावर छापील प्रश्न होते, एक निबंध होता, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारी माणसे होती. ही सगळी माणसे त्या एका वर्गणीदारांच्या यादीतली.

केंब्रिजला गेल्यानंतरही रामानुजन यांनी हे सदर सोडले नाही. आठ वर्षांत त्यांचे एकूण ५८ प्रश्न छापले गेले. काही प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी सोडवील असे आहेत. ४४१ वा प्रश्न ३, ४, ५ यांच्या घनांची बेरीज ६ चा घन होते या जुन्या गमतीला व्यापक रूप देतो. २९४ वा इतका खोल आहे की पुढे वॉटसन आणि सेगो यांच्यासारख्यांनी त्यावर निबंध लिहिले. एकाच सदरात हे दोन्ही मावत, हे त्याचे बळ होते आणि अडचणही. शिक्षकाला उपयोगी पडणारे पान संशोधकाला पुरत नाही, संशोधकाचे शिक्षकाला कळत नाही. १९३० नंतर संस्थेने दोहोंची फारकत केली : मूळ नियतकालिक संशोधनासाठी राहिले, आणि शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी ए. नरसिंग राव यांच्या संपादकत्वाखाली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ निघाले. निर्णय व्यवहार्य होता. मात्र एखाद्या पदवीहीन तरुणाचा प्रश्न आणि प्राध्यापकाचा निबंध एकाच वेष्टनातून एकाच वाचकाच्या हाती पडण्याची सोय त्यामुळे संपली.

एक प्रश्न मात्र कोणत्याच वेष्टनात मावला नाही. १९१३ सालचा प्रश्न क्रमांक ४६४ : २ च्या घातातून ७ वजा केले असता पूर्ण वर्ग केव्हा मिळतो? घात ३, ४, ५, ७ आणि १५ असताना तो मिळतो : १, ९, २५, १२१ आणि ३२७६१, म्हणजे १८१ चा वर्ग. आणखी उदाहरणे शोधा, असे रामानुजन यांनी सुचवले होते. हे पाच घात चालतात एवढे पडताळून वाचक थांबले. सहावा कोणालाच सापडला नाही, आणि तो नाहीच, हेही कोणी दाखवू शकले नाही. पुढे १९४३ साली नॉर्वेत विल्हेल्म ल्युंग्रेन यांनी तोच प्रश्न तेथील गणिती नियतकालिकातून स्वतंत्रपणे विचारला. १९४८ साली त्याच नियतकालिकात, नॉर्वेजियन भाषेत, त्रिग्वे नागेल यांनी सिद्ध केले की सहावा घात अस्तित्वात नाही. अंकशास्त्रात ते आता रामानुजन–नागेल समीकरण म्हणून ओळखले जाते. कुंभकोणमच्या प्रश्नाचे उत्तर पस्तीस वर्षांनी छापून आले. फक्त ते दुसऱ्याच सदरात, दुसऱ्याच माणसाला दिलेले होते.