साखळी-आवरण (सायकल)

सायकलची साखळी व दातेरी चक्रे यांना पूर्णतः किंवा अंशतः झाकणाऱ्या पत्र्याच्या अथवा प्लॅस्टिकच्या भागास साखळी-आवरण असे म्हणतात. बोलण्यात ‘चेनकव्हर’ हा शब्द अधिक रूढ आहे. चालकाचे कपडे व बोटे साखळीपासून वाचवणे आणि साखळीला धूळ, चिखल व पाण्यापासून वाचवणे ही त्याची दोन कामे. उभ्या सायकलवर पहिले काम महत्त्वाचे ठरते. रेलून बसून चालवायच्या रिकंबंट सायकलवर दुसऱ्या कामाचे महत्त्वही तितकेच वाढते आणि आवरणाचे रूपही बदलते.

पार्श्वभूमी

पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेल्या उंच चाकाच्या सायकलीत साखळी नव्हती, त्यामुळे आवरणाचा प्रश्नही नव्हता. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये रोलर साखळीचे पेटंट घेतले आणि जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये आली. त्यानंतर मागच्या चाकाला साखळीने गती देण्याची पद्धत स्थिरावली. तिच्याबरोबर वंगणाने काळे होणारे कपडेही आले. वुल्व्हरहॅम्प्टन येथील जॉन मार्स्टन यांच्या ‘सनबीम’ सायकली तेल राखणाऱ्या बंद साखळीपेटीसाठी प्रसिद्ध होत्या. नेदरलँड्समध्ये रोजच्या वापराच्या सायकलींना पूर्ण आवरण असण्याची प्रथा आजही टिकून आहे.

भारतीय रोडस्टर सायकलींवर अर्धे आणि पूर्ण अशी दोन्ही आवरणे आढळतात. अर्धे आवरण फक्त साखळीची वरची बाजू झाकते. विजारीचा उजवा पाय वाचवण्यास ते बहुधा पुरते. धोतर, नऊवारी किंवा सैल सलवार यांना मात्र पुरत नाही. म्हणून स्त्रियांसाठीच्या सायकलींना पूर्ण आवरणाबरोबर मागच्या चाकावर जाळीही लावली जाई. आवरण नसलेल्या सायकलवर विजारीचा पाय मोज्यात खोचणे किंवा त्यावर रबर चढवणे हा जुना आणि आजही चालणारा उपाय आहे.

मुलांची सुरक्षितता

सायकल उलटी करून हाताने पायडल फिरवण्याचा खेळ लहान मुलांना फार आवडतो. साखळी दातेरी चक्रावर जिथे चढते, त्या सांध्यात बोट सापडल्यास नखाला आणि पेराला गंभीर इजा होते. प्रसंगी बोटाचे टोक तुटते. बोट अडकल्यावर पायडल जोराने उलटे फिरवल्यास इजा वाढू शकते. म्हणून मुलांच्या सायकलीचे आवरण मोडले की ते काढून फेकून न देता बदलून घेणे आवश्यक असते. दुरुस्तीच्या घाईत नेमका हाच भाग सर्वात आधी गळतो.

रिकंबंट सायकलवरील आवरण

रिकंबंट सायकलीत चालक पाठ टेकून बसतो व पायडल त्याच्या समोर असते. फ्रान्सिस फोर यांनी ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे शार्ल मोशे यांच्या अशाच सायकलवर एका तासात ४५.०५५ किमी अंतर कापले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हा प्रकार आपल्या स्पर्धांतून वगळला.

मागचे चाक फिरवणाऱ्या रिकंबंटमध्ये साखळी पुढच्या टोकापासून आसनाखालून मागे जाते. नेहमीच्या सायकलच्या साखळीत अर्ध्या इंचाच्या सुमारे ११० ते १२० कड्या असतात. येथे त्यांची संख्या दुपटीहून अधिक होते. एवढ्या लांबीला पत्र्याचे आवरण जड होते, म्हणून साखळी प्लॅस्टिकच्या नळीतून नेतात. नळी पॉलिथिलीनची किंवा कमी घर्षणाच्या टेफ्लॉनची असते.

बसवताना साखळी एका कडीवर उघडतात, नळीतून ओवतात व पुन्हा जोडतात. नळीची टोके गरम करून कर्ण्यासारखी फाकवावी लागतात. तशीच कापून ठेवलेली धार साखळीवर घासते, आवाज करते आणि लवकर झिजते. नळी एकाच टोकाशी पक्की बांधून दुसरे टोक मोकळे ठेवतात, म्हणजे साखळी थोडी हलली तरी नळी तिच्यामागे जाते. मागच्या गिअरजवळ साखळी आडवी सरकते. तिथला थोडा भाग उघडाच ठेवावा लागतो.

सर्वाधिक चुका नळीला वाकवण्यात होतात. पायडल दाबल्यावर वरच्या बाजूची साखळी ताणली जाते. या बाजूला नळीने वळण दिल्यास साखळी नळीच्या भिंतीवर दाबून घासते आणि चालकाचे बळ वाया जाते. वळण कप्पीनेच द्यावे, नळी सरळ भागावरच असावी. खालच्या, सैल परतीच्या बाजूला ताण अल्प असल्याने तेथे सौम्य वळण चालते. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पायडल उलटे फिरवून साखळी कुठे अडते का, ते पाहतात. पुढच्या चक्राचे दाते उघडे राहतात. त्यांवर वेगळी कडी बसवणे पोटरीसाठी आणि टक्कर झाल्यास समोरच्यासाठीही हिताचे असते.

पंचवटीतील परिस्थिती

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीत पावसाळ्यात साखळीची खरी कसोटी लागते. पुराचे पाणी किती चढले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी उतरल्यावर रामकुंड परिसरातील रस्त्यांवर बारीक गाळ उरतो. हा गाळ ओल्या वंगणात मिसळला की साखळीला कानशीसारखा घासतो. उघड्या साखळीवरून तो पुसता येतो, नळीत मात्र तो साठतो. त्यामुळे अशा रस्त्यांवर नळी असली तरी साखळीची निगा कमी होत नाही, तिची पद्धत बदलते: चिकट तेलाऐवजी कोरडे मेणयुक्त वंगण वापरतात आणि साखळी काढल्यावर नळीतून कापडाची पट्टी ओढून गाळ बाहेर काढतात.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. या शर्यतीत रिकंबंट सायकलींसाठी स्वतंत्र गट आहे. शर्यतीच्या उभ्या सायकलींना वजन वाचवण्यासाठी साखळी-आवरण लावत नाहीत. चालकाचे कपडे घट्ट असल्याने ते अडकण्याची भीतीही तिथे नसते.