पट्टी, पेन्सिल आणि एक्सेल

विहिरीतून अजून किती तेल निघेल, याची गणितं १९४५ साली जे. जे. आर्प्स यांनी नीट सूत्रात मांडली. तेव्हा इंजिनिअर मंडळी उत्पादनाचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडून पट्टीने रेघ पुढे ओढत. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आलं, १९८५ मध्ये एक्सेल. काम मिनिटांवर आलं!

पण गंमत बघा. सूत्रातला 'बी' हा घातांक १ किंवा जास्त धरला, की वर्षं वाढवत न्यावीत तसं एकूण तेल वाढतच जातं, त्याला अंतच नाही. एक्सेल मुकाट्याने आकडा देतं. रेघ ओढणाऱ्याला निदान दिसायचं, मोजलेलं कुठे संपलं आणि आपला अंदाज कुठे सुरू झाला. सेलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. असो.