युद्धात वाचला, सिनेमात गेला

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या दक्षिणेला डक्सफर्ड नावाचे खेडे आहे. तिथल्या लष्करी विमानतळाचे बांधकाम पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली सुरू झाले. विमाने ठेवायला चार हँगर उभारले, तीन दुहेरी आणि एक एकेरी. त्यांची छपरे पाहण्यासारखी. लांब तुळया न वापरता लाकडाच्या छोट्या पट्ट्या जाळीसारख्या खिळून धनुष्याकृती कैच्या केल्या. या पद्धतीला बेलफास्ट शहराचे नाव आहे. एवढ्या रुंदीला मध्ये खांब लागत नाही, म्हणून विमान पंखांसकट आत येते.

ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनला मिळालेले पहिले स्पिटफायर ४ ऑगस्ट १९३८ रोजी इथेच उतरले. १९४० च्या लढाईत डग्लस बेडर हा दोन्ही पाय गमावलेला वैमानिक इथून अनेक स्क्वाड्रनचा ताफा घेऊन जर्मन विमानांवर जात असे. १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत इथे अमेरिकन होते. १९६१ साली हवाई दलाने तळ सोडला.

१९६८ साली तिथे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. बाँबहल्ल्याच्या दृश्यासाठी एकेरी हँगर खरोखरच उडवून दिला! विषय कोणता? तर त्याच १९४० च्या लढाईचा. खऱ्या युद्धातून सुखरूप राहिलेली इमारत खोट्या युद्धात गेली.

चित्रपटवाल्यांना दोष देणे सोपे आहे. पण तेव्हा तो हँगर जेमतेम पन्नास वर्षांचा होता. हवाई दलाला नकोसा, आणि ‘ऐतिहासिक’ म्हणावे इतका जुनाही नाही. मला वाटते, कोणत्याही वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ हाच. शंभरी गाठली की लोक पाटी लावतात. पन्नाशीत मात्र ती केवळ अडगळ असते.

बाकीचे तीन वाचले ते उपयोग सापडला म्हणून. इंपीरियल वॉर म्युझियमला मोठी विमाने ठेवायला जागा हवी होती. १९७६ मध्ये तळ संग्रहालयाकडे आला. पुढच्याच वर्षी काउंटी कौन्सिल आणि विमानप्रेमींची एक संस्था यांनी मिळून धावपट्टी विकत घेतली. आज त्या तीन हँगरना कायद्याचे संरक्षण आहे, आणि स्पिटफायर अजून तिथून उडते.

आपल्या गावातली पन्नास वर्षांची एखादी शाळा, गिरणी किंवा बसस्थानक आठवून पाहा. ते पाडू नये असे आज किती जण म्हणतील?