चाळीतील खोली आणि संघाचे सेनासन

मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळींचा उगम सरकारी योजनेत आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, 1920 साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात 207 इमारतींत सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यास 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. प्रारंभी गिरणी कामगार तिकडे फारसे फिरकले नाहीत, आणि 1930 च्या कायदेभंगात वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला.

पुढे वस्ती भरली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर चाळींच्या आवारात बुद्धविहारे उभी राहिली. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीच्या मैदानावरील दलित पँथरची सभा उधळली गेली व दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव यांना प्राणास मुकावे लागले. (पूज्य बाबासाहेबांचे दीर्घकाळ वास्तव्य असलेली परळची पोयबावडीची चाळ ही इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. दोहोंची गल्लत आमच्या लेखनात वारंवार होते, म्हणून हा उल्लेख.)

एप्रिल 2017 मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. शिवडीची जमीन बंदराच्या मालकीची असल्याने तेथील प्रश्न निराळा राहिला. म्हाडामार्फत होणाऱ्या या योजनेत भाडेकरूस 500 चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते, आणि खर्च उरलेल्या जागेवरील विक्रीच्या इमारतींतून भागवला जातो. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतील 556 कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या 160 चौरस फुटांत वाढल्या, त्यांच्या या आनंदाला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. तथापि उंच इमारतीचा देखभाल-खर्च चाळीच्या भाड्यासारखा नसतो, आणि वरळीच्या जागेला मिळणारी किंमत कोणाही कष्टकरी कुटुंबास मोह पाडील अशी आहे. एकाही कुटुंबाला हुसकावून न लावता वस्ती नाहीशी होऊ शकते.

विनयपिटकात निवासाच्या प्रश्नाचा विचार बारकाईने झाला आहे. आधी उतरलेल्या भिक्षूच्या जागेत घुसून, 'ज्याला अडचण होईल तो जाईल', अशा हेतूने पथारी टाकणे हा पाचित्तिय दोष होय. रागाच्या भरात भिक्षूला संघाच्या विहारातून बाहेर काढणे हाही पाचित्तियच. हे दोन्ही नियम दांडगाईविरुद्धचे आहेत. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकातील प्रसंग अधिक सूक्ष्म आहे. एका गामकावासातील आवासिक भिक्षू येणाऱ्या-जाणाऱ्यांची शयनासने मांडून त्रासले होते. त्यांनी युक्ती काढली : संघाचे सर्व सेनासन एकाच्या नावे करावे व आपण त्याचे म्हणून वापरावे. आगंतुक आले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की संघाचे सेनासन येथे उरलेलेच नाही. येथे कोणी कोणाला हुसकावले नव्हते, कोणी चोरी केली नव्हती. राहणाऱ्यांनीच आपल्या सोयीसाठी समाईक वस्तू खासगी केली होती. भगवंतांनी ही कृती निषिद्ध ठरवून आराम व आरामाची जमीन, विहार व विहाराची जमीन यांसह वस्तूंचे पाच गट 'अविस्सज्जिय', म्हणजे देऊन टाकता न येणारे, असे घोषित केले.

हा नियम गृहस्थाच्या घराला लावण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. विकता न येणारी मालमत्ता म्हणजे काय, हे आमच्या समाजाने महारवतनात भोगले आहे. ती जमीन वतनदाराच्या हाती होती, पण तिच्याबरोबर वेठबिगारी बांधलेली होती. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. खोली ज्याची त्याच्या नावे व्हावी, आणि ती विकण्याचा अधिकारही त्याचा असावा, यात आम्हांस काही गैर दिसत नाही. विधवा स्त्रीला मुलाच्या शिक्षणासाठी घर विकावे लागले, तर तिला वस्तीचा इतिहास सांगून कोणी अडवू नये.

परंतु विहार, वाचनालय, जयंतीचे मैदान आणि जिन्याखालची समाजमंदिराची खोली या गोष्टी कोणा एका कुटुंबाच्या नव्हत्या. नव्या इमारतीच्या आराखड्यात त्यांना जागा मिळाली, तरी ती कोणाच्या नावे राहील हे कागदावर ठरावे लागते. गृहनिर्माण संस्थेच्या नावे राहिली, तर सभासद बदलत गेल्यावर बहुमताने तिचा उपयोग पालटू शकतो. विहाराच्या विश्वस्त संस्थेच्या नावे स्वतंत्र करार झाला, तर ती अविस्सज्जियाच्या अधिक जवळ जाते. चाव्या हाती आलेल्या विहार समित्यांनी हा करार पहिल्या सर्वसाधारण सभेपूर्वी मागावा, असे आमचे मत आहे. पुढे पुष्कळ सभासद नवे असतील. विनयाने या बाबतीत केवळ दोष सांगून थांबणे पुरेसे मानले नाही. असे दान करणाऱ्यास थुल्लच्चय दोष लागतोच. शिवाय संघाने, गणाने किंवा एका भिक्षूने ते दिले, तरी ते दिलेले धरले जात नाही.