कुंपण, कायदा आणि निवडुंग

एखाद्याच्या शेतात उगवलेले तण ही त्याची खाजगी बाब आहे काय? सहज विचार केला तर उत्तर 'होय' असे येते. शेत त्याचे, तण त्याचे आणि नुकसानही त्याचेच. पण तणाचे बी वाऱ्यावर उडते, पक्ष्यांच्या पोटातून जाते, पुराच्या पाण्याबरोबर वाहते. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे हे त्याला ठाऊक नसते. मग सरकारने 'हे तण काढा' असा हुकूम करावा काय? केला आणि मालकाने ऐकला नाही तर? आणि ऐकायची तयारी असूनही ते काम त्याच्या आवाक्यात नसेल तर?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना ऑस्ट्रेलियातील निवडुंगाचा इतिहास फार उपयोगी पडतो. जीवशास्त्राच्या पुस्तकांतून ही गोष्ट दोन वाक्यांत येते : निवडुंग माजला, एक पतंग आणला, निवडुंग संपला. गोष्ट खरी आहे. पण पतंग येण्यापूर्वीची चाळीस वर्षे त्या दोन वाक्यांत मावत नाहीत. त्या चाळीस वर्षांत कायदा होता, दंड होता. कायदा पाळता येईल असे साधन मात्र नव्हते. आम्हाला या लेखात त्या चाळीस वर्षांकडे विशेष लक्ष वेधायचे आहे.

कुंपणाने कुंपण ओलांडले

निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. ऑस्ट्रेलियात तो प्रथम आणला तो सरकारनेच. १७८७ साली कैदी व वसाहतकरी घेऊन निघालेला पहिला ब्रिटिश ताफा वाटेत रिओ दि जानेरो येथे थांबला. ताफ्याचा प्रमुख कॅप्टन आर्थर फिलिप याने तेथून निवडुंगाची रोपे घेतली, तीही त्यावरच्या किड्यांसकट. हे किडे म्हणजे कोचिनील. आपल्या पिठ्या ढेकणाच्या दूरच्या नात्यातला हा कीटक. त्याच्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि या रंगाच्या व्यापारावर तेव्हा स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडावी हा हेतू होता. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही.

पुढे ज्या निवडुंगाने उच्छाद मांडला तो मात्र याहून वेगळ्या जातीचा : ओपुंशिया स्ट्रिक्टा. १८३९ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील स्कोन या गावी त्याचे एक रोप कुंडीतून आले, असे सांगतात. काटेरी, दुष्काळात तगणारा, गुरांना अडवणारा असा हा निवडुंग शेताच्या बांधावर लावायला उत्तम! एकाने दुसऱ्याला फांदी द्यावी, दुसऱ्याने तिसऱ्याला, असा तो उत्तरेकडे क्वीन्सलँडपर्यंत गेला. कुंपण म्हणून लावलेली वनस्पतीच कुंपण ओलांडून गेली.

असे का झाले हे समजून घेण्यासारखे आहे. या निवडुंगाचे चपटे हिरवे भाग ही पाने नसून खोडेच असतात. एखादा तुकडा तुटून जमिनीवर पडला की त्याला मुळे फुटतात. म्हणजे कुऱ्हाडीने तोडणे ही एका परीने लागवडच. शिवाय लाल फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ देशात निवडुंगावर जगणारे अनेक कीटक असतात. ऑस्ट्रेलियात त्यांतला एकही नव्हता.

१९०० साली सुमारे ४० लाख हेक्टर जमीन निवडुंगाखाली होती. १९२५ पर्यंत हा आकडा सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टरवर गेला. त्यातील जवळजवळ अर्ध्या क्षेत्रात निवडुंग इतका दाट होता की तेथून माणूस वा जनावर जाऊ शकत नसे. विद्यार्थ्यांना याचे सरासरी गणित करायला सांगावे : वर्षाला ८ लाख हेक्टर! आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे. त्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक प्रदेश निवडुंगाने व्यापला, अशी कल्पना केली म्हणजे संकटाचा अंदाज येईल.

हुकूम आणि हतबलता

न्यू साउथ वेल्सने १८८६ साली निवडुंग-नाशाचा कायदा केला. जमिनीचा मालक असो वा कूळ, ज्याच्या ताब्यात जमीन त्याने निवडुंग नष्ट करावा. न केल्यास दंड. क्वीन्सलँडनेही १९१२ साली असाच कायदा केला. तत्त्व म्हणून यात चूक काढता येणार नाही. तुझ्या जमिनीतून शेजाऱ्याकडे उपद्रव जाऊ देऊ नकोस, हा न्याय जुनाच आहे.

अडचण तत्त्वाची नव्हती, हिशेबाची होती. दाट निवडुंग काढण्याचा खर्च पुष्कळ ठिकाणी जमिनीच्या किमतीहून जास्त होता. शेतकरी निवडुंग तोडत, ढीग करून जाळत, आर्सेनिकची म्हणजे सोमलाची संयुगे फवारत. ही विषे माणसांना व जनावरांना घातक होती. इतके करूनही शेजारची जमीन मोकळी नसेल तर पुढच्या हंगामात बिया पुन्हा हजर. क्वीन्सलँडमधली पुष्कळशी जमीन सरकारी पट्ट्याने दिलेली होती. निवडुंग साफ करण्याच्या अटीवर सरकार नाममात्र भाड्याने जमिनी देऊ लागले. तरीही अट पुरी करता येईना. अनेक कुटुंबांनी घरदार तसेच टाकून जमिनी सोडल्या.

आता पाहा, ज्याच्यावर कर्तव्य लादायचे तो माणूसच निघून गेला. सोडलेली जमीन निवडुंगाचे माहेरघर बनली आणि जो शेजारी कसाबसा टिकून होता त्याच्यावरचा भार वाढला. पाळता न येणारा कायदा निरुपयोगी ठरतोच, पण कधी कधी तो रोग वाढवतोही, हे या इतिहासातले पहिले मोठे निरीक्षण.

सरकारने बक्षीसही लावून पाहिले. निवडुंग नष्ट करण्याचा खात्रीशीर उपाय सांगणाऱ्यास १९०१ साली क्वीन्सलँडने ५,००० पौंड जाहीर केले. १९०७ साली ही रक्कम १०,००० पौंड केली. ते कोणालाच मिळाले नाही. पुढे १९२० च्या दशकात बिया पसरवतात म्हणून इमू, कावळे अशा पक्ष्यांना मारण्याबद्दलही इनाम देण्यात आले. निवडुंग पसरतच राहिला.

शोधयात्रा भारतातून गेली

१९१२ साली क्वीन्सलँडने दोन गोष्टी केल्या. डुलाका येथे प्रयोगकेंद्र काढून त्याची सूत्रे डॉ. जीन व्हाइट या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंकडे दिली. तेथे विषारी रसायनांचे पद्धतशीर प्रयोग झाले. दुसरे म्हणजे टॉमस हार्वे जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायॉन या दोन शास्त्रज्ञांचे फिरते मंडळ नेमून त्यांना निवडुंगाचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी जगभर पाठवले.

या प्रवासात ते भारत व सिलोन (आजची श्रीलंका) येथेही आले, आणि त्याला सबळ कारण होते. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात रंगासाठी म्हणून ब्राझीलमधून कोचिनील किडे भारतात आणले गेले. पण आला तो उत्तम रंग देणारा नव्हे, दुसऱ्याच जातीचा रानटी कोचिनील. त्याने रंग फारसा दिला नाही. निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. पुढे १८३० च्या दशकात तोच किडा निवडुंग मारण्यासाठी म्हणून मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला. एका देशातून दुसऱ्या भागात मुद्दाम कीटक नेऊन तण मारण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक होय.

हा किडा १९१४ साली क्वीन्सलँडमध्ये सोडला. त्याने ओपुंशिया मोनॅकँथा या जातीचा फडशा पाडला. मुख्य शत्रू असलेल्या ओपुंशिया स्ट्रिक्टाला मात्र त्याने तोंडही लावले नाही. लोकांच्या दृष्टीने दोन्ही 'निवडुंग'च. किड्याच्या दृष्टीने एक अन्न आणि दुसरे परके झाड. वर्गीकरणशास्त्र हा विषय वर्गात कोरडा वाटतो. येथे कोट्यवधी हेक्टर जमिनीचे भवितव्य त्यावर अवलंबून होते.

पतंगाची अंडी, सरकारचा खर्च

१९२० साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य सरकार व दोन्ही राज्ये यांनी मिळून निवडुंग मंडळ स्थापन केले. १९२४ साली दोन्ही राज्यांत स्वतंत्र आयोग कामाला लागले. पट्टेदारांना भाड्यात सूट, सवलतीने विष, अशी मदत सुरू झाली. कायद्याचा रोख बदलत होता. 'तू काढ, नाहीतर दंड' याऐवजी 'आपण मिळून काढू' असे सरकार म्हणू लागले.

१९२५ साली मंडळाचे कीटकशास्त्रज्ञ अ‍ॅलन डॉड यांनी अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम या पतंगाची सुमारे ३,००० अंडी मिळवली. या पतंगाची मादी अंड्यांवर अंडी रचून काट्यासारखी दिसणारी बारीक काडी तयार करते. त्यातून निघालेल्या नारिंगी अळ्या झुंडीने खोडात शिरतात व आतला गर खातात. जखमेतून जिवाणू व बुरशी शिरून उरलेले झाड कुजते. आधी उपाशी ठेवून, निरनिराळी पिके समोर ठेवून, अळ्या निवडुंगाखेरीज काही खात नाहीत याची तपासणी झाली आणि १९२६ साली पतंग बाहेर सोडले.

त्यानंतरचे काम शास्त्रज्ञांइतकेच शेतकऱ्यांचे होते. अंड्यांच्या काड्या कागदाच्या तुकड्यांवर चिकटवून जमीनधारकांकडे पोचवल्या जात. त्यांनी त्या टाचणीने निवडुंगाला टोचायच्या. काही वर्षांत २०० कोटींहून अधिक अंडी अशी वाटली गेली. १९३३ पर्यंत दाट निवडुंगाची रानेच्या राने कोसळली होती. मधल्या काळात निवडुंग संपत आल्याने पतंगांची उपासमार झाली, निवडुंगाने पुन्हा डोके वर काढले, पतंगही पुन्हा वाढले आणि अखेर दोघेही कमी संख्येवर स्थिरावले. क्वीन्सलँडमधील बूनार्गा येथे १९३६ साली बांधलेल्या सभागृहाला या पतंगाचेच नाव दिलेले आहे.

जे काम दंडाच्या भीतीने चाळीस वर्षांत झाले नाही ते सात-आठ वर्षांत झाले. शेतकरी तेच होते आणि जमीनही तीच होती. आवाक्यातले साधन मात्र आता सार्वजनिक खर्चाने त्यांच्या हातात आले होते.

किड्याला कुंपण नसते

येथे गोष्ट संपवणे सोयीचे झाले असते. पण या यशातूनच नवा प्रश्न निघाला. विष मालक आपल्या शेतात फवारतो. किडा एकदा सोडला की तो सर्वांच्या शेतात जातो. ज्याला नको असेल त्याच्याही.

ऑस्ट्रेलियात जांभळ्या फुलांचे एकियम हे आणखी एक परके तण आहे. गुरे पाळणारे बहुतेक लोक त्याला 'पॅटरसनचा शाप' म्हणतात, कारण ते घोडे व डुकरे यांना विषारी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याच झाडाचे नाव 'तारणारी जेन' असे आहे, कारण कोरड्या हंगामात तेवढाच चारा उरतो. मधमाश्या पाळणाऱ्यांना तर त्याच्या फुलांतून भरपूर मध मिळतो. शास्त्रज्ञांनी त्याच्यावर किडे सोडायची तयारी केली तेव्हा १९८० साली काही पशुपालक व मधमाश्यापालक न्यायालयात गेले आणि त्यांनी मनाई हुकूम मिळवला. त्यातून १९८४ चा जैविक नियंत्रण कायदा जन्माला आला. कोणाचे किती नुकसान, कोणाचा किती फायदा, याची उघड चौकशी करून मगच निर्णय घ्यायचा, ही पद्धत त्याने घालून दिली. चौकशीनंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस किडे सोडण्याचे काम पुन्हा सुरू झाले.

निवडुंगाचा पतंगही सर्वत्र उपकारकर्ता ठरला नाही. १९५७ साली तो कॅरिबियन बेटांवर सोडला गेला. १९८९ साली अमेरिकेतील फ्लोरिडात आढळला आणि तेथील मूळच्या निवडुंगांना खाऊ लागला. मेक्सिकोत निवडुंग हे रोजच्या जेवणातले अन्न आहे. २००६ साली तेथील एका बेटावर हा पतंग सापडला तेव्हा सरकारने धावपळ करून त्याचा नायनाट केला.

आपल्याकडे

आपल्याला हा इतिहास परका नाही. १९२६ साली सिलोनमधून आणलेल्या दुसऱ्या एका कोचिनील किड्याने दक्षिण भारतातील फड्या निवडुंग आटोक्यात आणला. त्यानंतर पुण्यात १९५० च्या दशकात गाजर गवताची नोंद झाली आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. कर्नाटकने १९७५ साली आपल्या शेती कीड-रोग कायद्याखाली ते उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगलोर परिसरात सोडले गेले. गाजर गवत तरीही आहेच. एका झाडापासून हजारो बिया होतात. आणि शेतकऱ्याने आपले रान कितीही निवडले तरी रस्त्याची कड, रेल्वेची हद्द, शहरातले मोकळे भूखंड यांच्यावरचे गवत कोणी उपटायचे? 'ज्याची जमीन त्याची जबाबदारी' हा नियम सरकारी जमिनीलाही लागू व्हायला हवा. तो तेथे मोडला तर शेतकऱ्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे आम्हाला वाटते.

क्वीन्सलँडने २०१४ साली जैवसुरक्षेचा नवा कायदा केला. आपल्या ताब्यातील प्राणी-वनस्पतींपासून इतरांना धोका होऊ नये म्हणून प्रत्येकाने 'वाजवी आणि शक्य' ते सर्व उपाय करावेत, असे बंधन त्यात आहे. १८८६ च्या कायद्यात 'नष्ट करा' एवढेच होते. 'वाजवी' आणि 'शक्य' हे दोन शब्द कायद्यात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्यांच्यामागे कित्येक ओस पडलेली घरे आहेत.

वर्गात हा विषय घेताना शाळेच्या आवारातील आणि शेजारच्या जमिनीतील गाजर गवत मोजायला सांगावे. कोणाच्या जमिनीवर किती, बिया धरण्यापूर्वी ते उपटायला किती माणसे व किती तास लागतील, आणि हे काम कोणी करावे, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी. विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांच्या तासांमधले कुंपण त्या दिवशी थोडे बाजूला सारायला हरकत नाही.