समुद्राचा वास आणि आपला पाऊस

मंडळी, आम्हा नागपूरकरांचा समुद्राशी संबंध तो काय? जूनमध्ये पाऊस येतो, तेवढाच. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हीकडचे वारे विदर्भात पाऊस आणतात. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, हे सगळेच शाळेत शिकलो. पण नुसत्या वाफेचा थेंब सहजी होत नाही. तिला चिकटायला एखादा सूक्ष्म कण लागतो. धूळ, मीठ, धूर... आणि गंधकयुक्त कणही. या शेवटच्या कणांची गोष्ट आज सांगतो.

समुद्रकिनारी जो खास वास येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा वाटा असतो. १९३५ साली पॉल हास यांना लाल शैवालातून तो निघताना आढळला. पुढे कळलं, की समुद्रात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतीही (यांना वनस्पती प्लवक म्हणतात) हेच करतात. त्यांच्या अनेक जाती पेशीत गंधकाचं एक संयुग साठवतात. खाऱ्या पाण्यात पेशीचा तोल राखायला ते उपयोगी पडतं. प्लवक मेलं किंवा कुणी खाल्लं, की ते संयुग पाण्यात सुटतं, जिवाणू ते फोडतात आणि वायू तयार होतो. गंमत बघा, दक्षिण ध्रुवाकडचे काही समुद्रपक्षी याच वासावरून भक्ष्य शोधतात, हे गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ साली दाखवलं. जिथे चराई चालू, तिथे वास!

जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये 'शॅकल्टन' जहाजावरून अंटार्क्टिकाकडे जाताना हा वायू भर समुद्रात मोजला. मग १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी एक सुंदर कल्पना मांडली. समुद्र तापला की प्लवकांचा वायू वाढेल, हवेत त्याचे कण होतील, ढग अधिक पांढरे होतील, ऊन परतवतील आणि समुद्र पुन्हा निवेल. जणू सृष्टीने स्वतःच बसवलेला फ्रीजचा थर्मोस्टॅट!

मग जगभर मोजमाप सुरू झालं. आपल्याकडेही झालं. गोव्यात दोनापावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथल्या शेणॉय आणि पाटील यांनी झुआरीच्या खाडीत हा वायू आणि त्याचं मूळ संयुग ऋतूंप्रमाणे कसं बदलतं ते तपासलं. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाटल्या भरून पाणी आणायचं, मोजायचं, पुन्हा जायचं. अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

२०११ मध्ये मात्र क्विन आणि बेट्स यांनी सगळा पुरावा तपासून सांगितलं, की थर्मोस्टॅट काही सापडत नाही. ढगांना कण पुरवणारे मीठ आणि समुद्रातले इतर सेंद्रिय पदार्थही आहेत, आणि साखळीतली प्रत्येक कडी फार कमकुवत आहे. वायू खरा, कण खरे, पण तापलेला समुद्र आपोआप निवेल याचा भरवसा नाही.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती एवढ्याचसाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आपण म्हणतो, "निसर्ग बघून घेईल." शास्त्रज्ञांनाही तसं वाटावं अशी कल्पना सापडली होती, आणि शास्त्रज्ञांनीच ती तपासून बाजूला ठेवली. दिलासा सोडून देणं सोपं नसतं, मंडळी. असो. आता बघून घ्यायचं ते आपल्यालाच.